जेली पुसणारा हात

ज्या टेबलापाशी आयुष्यभर पेशंटची सोनोग्राफी केली, त्यावरच आज सुहासिनीताई आडव्या झाल्या. आता तिथे यंत्राचा हात होता. त्याला त्यांच्या हाताची सवय आणि त्यांचा आवाज शिकवून झाल्यावर हॉस्पिटलने त्यांना घरी बसवलं होतं.

"श्वास धरा, ताई," यंत्र त्यांच्याच आवाजात म्हणालं.

टेक्निशियनने पेशंटला निदान सांगायचं नसतं. सगळं ठीक असलं, की सुहासिनीताई टिश्यू हातात देऊन "पुसा नि उठा" म्हणायच्या. काही वाईट दिसलं, तर पोटावरची जेली स्वतःच पुसायच्या.

तपासणी संपली. यंत्राने टिश्यू उचलला आणि हलक्या हाताने त्यांचं पोट पुसायला घेतलं.

"मेल्या," त्या म्हणाल्या, "हे मी तुला शिकवलं नव्हतं."