अर्धी पिशवी

"अर्धीसुद्धा भरलेली नाही," बाळाचे वडील म्हणाले आणि त्यांनी मोबाइल डॉक्टरबाईंच्या नाकासमोर धरला. नाळेतलं रक्त साठवून ठेवणाऱ्या पेढीने फोटो पाठवला होता. नाळेतल्या रक्ताची पिशवी, चपटी, जेमतेम एका कोपऱ्यात लाल.

डॉक्टरबाईंनी चष्मा चढवून फोटो पाहिला. आदल्या रात्रीचं जागरण अंगात होतं. खिडकीचा पडदा वाऱ्याने फुगत होता, बसत होता, आणि त्याच्याकडे बघता बघता डोळ्यांवर झापड येत होती. सगळी खोलीच झोपेत श्वास घेत असावी असं त्यांना वाटलं.

"आम्ही पेढीला पैसे भरले. पेढीने तुम्हाला मानधन दिलं. मग बाकीचं रक्त गेलं कुठे?"

वडिलांच्या शेजारी बाळाचे मामा बसले होते. मामा वकील. घरचीच केस, त्यामुळे फीच्या नावाने शंख होता, आणि त्याची कसर ते भुवया उंचावून भरून काढत होते. बाळाची आई भिंतीशी टेकून बसली होती. बाळ तिच्या मांडीवर गाढ झोपलं होतं. दुपट्यातून दोन तळवे तेवढे बाहेर आले होते.

डॉक्टरबाईंना धास्ती वाटत होती, आणि ती उगाच नव्हती. बाळ बाहेर येताच नाळ चिमटून कापायची आणि तिच्यातलं रक्त पिशवीत घ्यायचं, असा पेढीशी करार होता. त्यावर सही त्यांची एकटीची. विमा होता तो बाळंतपणातल्या चुकांपुरता. पिशवीच्या भांडणाला तो लागू नव्हता. उद्या परवाना गेला, तर दवाखान्यालाही कुलूप.

सकाळीच पेढीच्या माणसाचा फोन येऊन गेला होता. सगळा दवाखाना त्याला पिशवीवाला म्हणायचा. "नाळेतच रक्ताची गुठळी झाली म्हणून सांगा बाई," तो म्हणाला होता. "गुठळीसाठी कोणी कोर्टात जात नाही. विषय संपला."

तेव्हापासून गुठळी हा शब्द त्यांच्या अगदी ओठांवर होता.

"त्या दिवशी पलीकडच्या खोलीत आणखी एक बाळंतपण होतं ना?" मामांनी विचारलं.

"होतं."

"त्या लोकांनी पिशवी घेतली होती?"

"नाही. त्यांना परवडणारी नव्हती."

"दाजी, आलं का लक्षात?" मामा हळूच म्हणाले.

डॉक्टरबाई पडद्याकडे बघत राहिल्या. फुगत होता, बसत होता. तो दिवस पडद्याआडून अलगद खोलीत आला. मोठ्या सिस्टर पिशवी घेऊन उभ्या. 'बाई, उशीर होतोय.' 'थांबा.' बोटांच्या चिमटीत न कापलेली नाळ उडत होती, संथ, लांबून कुणी दार वाजवावं तशी. आणि ते बाळ. कागदासारखं पांढरं, गप्प. मग त्याच्यावर रंग चढत गेला. आधी ओठ, मग कान, सगळ्यांत शेवटी तळवे. ते रडलं तेव्हा डॉक्टरबाईंच्याच डोळ्यांना पाणी आलं होतं. उरलं तेवढं पिशवीत गेलं.

"बाई बोलत नाहीत. म्हणजे हे त्या सिस्टरचंच काम," वडील म्हणाले. "विकलं असणार तिने. तिलाच कोर्टात खेचतो."

"सिस्टरना यात ओढू नका." गुठळी ओठांवरून कधी निघून गेली, ते डॉक्टरबाईंना कळलंही नाही. "मी दिलं ते."

"दिलं? कुणाला?"

"एका बाळाला. त्याला ते त्याच घटकेला हवं होतं. करार मोडला मी, हे खरं आहे."

"आणि आम्हाला विचारायची गरज वाटली नाही?"

"विचारत बसले असते, तर उशीर झाला असता."

वडिलांचा पारा चढला. "आमच्या लेकराचं रक्त होतं ते!"

आई भिंतीपासून थोडी पुढे सरकली. "मला त्या दिवसाचं धड काही आठवत नाही. नुसती गुंगी होती," ती म्हणाली. "ते बाळ... आता बरं आहे ना हो?"

"छान आहे. अगदी मजेत आहे."

"मग जाऊ द्या ना."

"जाऊ द्या काय!" वडील उसळले. "बाईंना तर सोडत नाहीच, पण त्या बाळाच्या बापालाही सोडणार नाही. फुकटचं पचवतो म्हणजे काय!"

मामांनी पेनाचं टोपण काढलं. "ताई, तू मध्ये पडू नकोस. बाई, तुम्ही कबूल केलंय, आता नीट सांगा. मुलगा की मुलगी?"

"मुलगी."

"जन्म त्याच दिवशीचा?"

"त्याच दिवशीचा."

"वडिलांचं नाव?"

बाळाने झोपेत पाय झाडले. दुपटं सरकलं आणि गुलाबी तळवे आणखी बाहेर आले. डॉक्टरबाईंनी पुढे होऊन ते हलकेच झाकले. मग वळून त्यांनी वडिलांकडे पाहिलं.

"मला तुमचं आडनाव तेवढं माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पूर्ण नाव तुम्हीच सांगा, म्हणजे यांना लिहून घेता येईल."