चौथं शील

चौथं शील आलं आणि बुधाजीकाकांचा आवाज पुन्हा बसला.

लालबागच्या चाळीतल्या विहारात रविवारची बुद्धवंदना चालली होती. पंचशील आधी काका म्हणायचे, त्यांच्यामागून सगळे. पहिली तीन शीलं खणखणीत झाली. चौथ्याला, म्हणजे खोटं न बोलण्याच्या शीलाला, काका खोकल्यासारखं करून थांबले. जमलेल्यांनी सवयीने ते पुढे ओढून नेलं. पाचव्याला काकांचा आवाज परत जागेवर. कोणाच्या काही लक्षात आलं नाही. प्रफुल्लच्या आलं.

प्रफुल्लचा स्वभावच संशयी. भाजीवाल्याने कोथिंबीर जास्त दिली, तर जुडी सोडून आत काय सडलंय ते बघणारा माणूस. त्यात काकांच्या सत्काराचं मुख्य भाषण त्याच्याकडे आलेलं. आता नीट पारखून घ्यायला नको?

काकांचं काम चाळीला ठाऊक होतं. गिरणी बंद पडल्यापासून ते हॉस्पिटलात जाऊन बसायचे. अतिदक्षता विभागात एकालाच सोडत. घरच्यांचा धीर होत नसे, तिथे काका जायचे. "करुणा करुणा नुसतं तोंडाने म्हणून काय होतं? कोणाच्या तरी उशाशी बसावं लागतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माणूस गेला की त्याचे अखेरचे शब्द काका घरी आणून द्यायचे. शेजारच्या राधामावशींना नवऱ्याचे मिळाले होते, "राधाने फार सोसलं. तिला म्हणावं, आता स्वतःसाठी जग." त्यानंतर मावशी जन्मात पहिल्यांदा एकट्याने बोधगयेला जाऊन आल्या.

प्रफुल्ललाही मिळाले होते. नोकरीला लागल्यावर जात कळू नये म्हणून त्याने आडनाव बदललं, तेव्हा वडिलांनी, आबांनी, त्याच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. तो ठाण्याला राहायला गेला. आबा हॉस्पिटलात होते तेव्हाही फिरकला नाही. कुठल्या तोंडाने जाणार? मग काका निरोप घेऊन दारात आले, "नाव बदललं तरी पोरगा माझाच, म्हणाले." त्या एका वाक्याचा हात धरून प्रफुल्ल चाळीत परतला. बापाचं त्याच्यापाशी तेवढंच होतं.

पण संशय तो संशय. वंदना संपल्यावर त्याने काकांना जिन्याखाली गाठलं.

"काका, चौथ्या शीलाला तुम्ही गप्प का होता?"

काका चप्पल शोधत होते. ती सापडली, पायात सरकवली.

"जे पाळता येत नाही, ते बुद्धासमोर म्हणू कसं, बाळा?"

म्हणजे माणूस खोटं बोलतो, वर कबूलही करतो! प्रफुल्लची झोप उडाली. दारू म्हणावी, तर काकांना तिचा वासही सोसत नसे. विहाराची वर्गणी म्हणावी, तर तिला ते हात लावत नसत. मग ज्याच्या गळ्यात हार घालायचा, तो कुठलं खोटं पोटात घेऊन बसलाय?

सत्काराच्या दिवशी मांडवात त्याला संघमित्रा दिसली. चाळीतलीच पोर, त्याच हॉस्पिटलात नर्स. तिथे काही भानगड असली तर हिला ठाऊक असणार. अंदाज घ्यायला म्हणून त्याने राधामावशींच्या नवऱ्याच्या अखेरच्या शब्दांचा विषय काढला.

"शक्यच नाही, दादा," ती खुर्च्या लावता लावता म्हणाली. "ड्यूटीला मीच होते. घशात नळी होती त्यांच्या, बोलणार कुठून? आमच्या इथे शेवटी बोलतं कोण? आबा तरी कुठे..."

तिने जीभ चावली.

"आबा काय?"

"शुद्धच नव्हती त्यांना. काका नुसते हात धरून बसले होते."

प्रफुल्लने खुर्चीची पाठ घट्ट धरली. खोटं सापडलं होतं, आणि ते त्याच्याच घरात निघालं होतं. आबांनी त्याला माफ केलंच नव्हतं. त्याला भयंकर राग आला. काकांचा, संघमित्राचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या या हुंगणाऱ्या नाकाचा. ठरलं. माइक हातात आला की सगळ्यांदेखत विचारायचं, काका, किती घरांना फसवलंत?

पहिल्या रांगेत राधामावशी नवी पांढरी साडी नेसून बसल्या होत्या. त्यांनी त्याचा हात धरून त्याला शेजारी बसवलं.

"प्रफुल्ल, भाषणात आमच्या ह्यांचे शब्द घेशील ना रे? आणि आबांचेपण. गावाहून बहिणीला मुद्दाम बोलावलंय ऐकायला."

बहीण त्याच्याकडे बघून हसली.

वंदना सुरू झाली. मांडव हात जोडून उभा राहिला. पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्याला काकांचा आवाज बसला, आणि लोकांनी ते नेहमीसारखं पुढे नेलं.

प्रफुल्लही गप्प राहिला. त्याला अजून भाषण करायचं होतं, दोघांचे अखेरचे शब्द घेऊन.