पहिली तक्रार

टोळी मोडून दादांनी बेकरी टाकली, त्याला वर्ष झालं. पाव करपला तरी गिऱ्हाईक तोंड भरून कौतुक करायचं आणि दादांचा जीव गुदमरायचा.

काल गल्लीत नवीनच राहायला आलेला एक शिंपी तडक दुकानात येऊन म्हणाला, "अहो काका, पाव आतून कच्चा आहे. जरा नीट भाजत जा की."

दादा हरखले. "उद्या या. मी स्वतः भाजून देतो."

संध्याकाळी टोळीतली जुनी पोरं भेटायला आली, तेव्हा त्यांनाही दादांनी हे कौतुकानं सांगितलं.

आज सकाळी शिंपी आला. डोळा सुजलेला, ओठ फाटलेला.

"दादा, पाव एकदम मस्त भाजलाय."

पाव अजून भट्टीतच होता.