फ्रिजवरचा पहारा

“पुन्हा चीज गेलं!” फ्रिजचं दार सताड उघडं ठेवून येले ओरडला. “काल केवढं होतं, आणि आज बघ. सुरीने नीट कापून नेलंय. चोराला घाईसुद्धा नाही!”

हॉस्टेल सांभाळणारी रेका कांदा चिरत होती. तिने मान वर केली नाही. बुडापेस्टच्या त्या हॉस्टेलात सगळ्यांना मिळून एकच फ्रिज होता. आपलं आपल्या कप्प्यात ठेवायचं, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. लावला तर त्याच दिवशी सामान उचलायचं. मालकाने हा नियम दारावरच चिकटवला होता.

येले नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनचा प्रोग्रामर. नोकरीतून लांब सुट्टी काढून, पाठीवर एक सॅक टाकून लिस्बनहून निघालेला. स्वस्तात फिरण्याचा त्याला भारी अभिमान. बसचं भाडं उतरलं की कळवणारा प्रोग्राम त्याने स्वतः लिहिला होता. क्राकोवच्या हॉस्टेलात न्हाणीघर रिकामं झालं की फोनवर सांगणारं यंत्र बसवून दिलं आणि त्या बदल्यात फुकट राहिला. जेवणाचंही त्याने जमवलं होतं. जाणारे प्रवासी उरलंसुरलं फुकटच्या टोपलीत ठेवून जातात, ती टोपली प्रत्येक हॉस्टेलात असते. चीज तेवढं तो विकत घ्यायचा. इथली टोपली त्याला फ्रिजच्या तळाशी सापडली होती आणि तिच्यावर तो बेहद्द खूश होता. उकडलेली अंडी, सॉसेज, पिवळ्या मिरच्या, सगळं ताजं. लोक किती उधळे असतात, असं तो कौतुकाने म्हणायचा.

“मला माहितेय कोण ते,” येले म्हणाला. “कोपऱ्यातल्या खाटेवरचा म्हातारा. परवा पावावर चीज ठेवून खात बसला होता. माझंच!”

रेकाची सुरी थांबली. “ओडोन काका? भलतंच काय बोलतोस! त्यांची बायको समोरच्या इस्पितळात आहे, खुब्याचं हाड मोडून. दिवसभर तिच्या उशाशी बसलेले असतात बिचारे.”

“म्हणून चोरी करायची?”

“अरे, मालकाच्या कानावर गेलं तर काढतील त्यांना. इतक्या स्वस्तात या शहरात दुसरी खाट मिळायची नाही. बायकोला टाकून गावी परत जायचं का त्यांनी? चीजच्या तुकड्यासाठी?”

“प्रश्न चीजचा नाही, तत्त्वाचा आहे! मीसुद्धा पोटाला चिमटा काढूनच फिरतोय ना? मी लावतो का कुणाच्या वस्तूला हात?”

चहाचं पाणी ठेवणारी, स्पेनमधल्या बिल्बाओहून आलेली नेरेया फिसकन हसली. “तू आणि पोटाला चिमटा? तुझ्या बँकेला विचारू का, साहेब?”

येलेच्या अंगाचा तिळपापड झाला. दुपारभर खपून त्याने काडेपेटीएवढा कॉम्प्युटर आणि कॅमेरा फ्रिजमध्ये बसवला. दार उघडलं की चेहरा टिपायचा, हात कुठल्या कप्प्यात गेला ते बघायचं, आणि कप्पा दुसऱ्याचा असेल तर फोटो जपून ठेवायचा. राहणाऱ्यांचे फोटो आणि कोणाचा कप्पा कोणता, ही माहिती रेकाने भरून दिली.

“एकदा नजर टाक ना,” ती म्हणाली. “काही चुकलं असेल तर?”

“माहिती तुझी, प्रोग्राम माझा. प्रोग्राम चोख आहे, मला तेवढं पुरे.”

चोरून फोटो काढणं रेकाला पटेना. तिने फ्रिजच्या दारावर हंगेरियन आणि इंग्रजीत चिठ्ठी लावली की आत कॅमेरा आहे. तरी दुसऱ्या दिवशी चीज कमी झालंच.

“बघ! चिठ्ठी वाचून चोरतोय!” येलेने फ्रिजचं दार आपटलं. “निर्लज्जपणाची हद्द झाली. आज सगळ्यांसमोर दाखवणार मी. मालकालाही बोलाव.”

“आधी तू तरी बघ फोटो.”

“मुळीच नाही. मग म्हणाल, मीच काहीतरी फेरफार केला.”

तो शनिवार होता, आणि शनिवारी तिथे सगळे मिळून गुलाश, म्हणजे मांसाचा दाट रस्सा, खायचे. मालक आला. ओडोन काका इस्पितळातून थकून आले आणि टोकाच्या खुर्चीवर बसले. त्यांना हंगेरियनखेरीज काही येत नव्हतं. काय चाललंय ते त्यांनी विचारलं नाही, हसून सगळ्यांकडे बघत राहिले. रेकाला त्यांच्याकडे बघवेना.

येलेने टीव्हीला तार जोडली. पहिलाच फोटो आला. हातात सुरी आणि चीज घेतलेले ओडोन काका. खाली अक्षरं होती, कप्पा येलेचा.

“झालं समाधान?” येलेने टेबलावर मूठ आपटली. “आता कळवळा कुठे गेला तुमचा?”

मालकाने सुस्कारा टाकला. “रेका, त्यांना सांग, सामान आवरा म्हणावं.”

तेवढ्यात पुढचा फोटो आला. त्यात येले होता, अंडं सोलताना. खाली लिहिलं होतं, कप्पा ओडोनचा. त्यापुढचाही येलेच, तोंडात सॉसेज धरलेला. मग मिरच्या. मग पुन्हा अंडी. फोटो थांबेनात. नेरेयाने चमचा खाली ठेवला.

“चूक आहे ही!” येले किंचाळला. “ती फुकटची टोपली आहे! तळाची!”

“फुकटची टोपली सिंकवरच्या फळीवर असते,” रेका म्हणाली. “तळाची काकांची आहे.”

ओडोन काका टीव्हीकडे बघत हळूच काहीतरी बोलले. रेकाने मान फिरवली.

“काय म्हणतायत?” येलेने विचारलं. “सांग त्याला,” मालक रेकाला म्हणाला.

“म्हणतायत, या पोराने आल्या दिवशी माझ्या टोपलीतलं अंडं घेतलं आणि माझ्याकडे बघून हसला. एकट्याने जेवायचा कंटाळा आला असेल, माझ्यासारखाच, असं मला वाटलं. तेव्हापासून मी रोज दोघांचं आणतोय.”