अठ्ठेचाळीसही शाबूत

"हे वाक्य काढा," सासूबाई म्हणाल्या.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी अपघाताचा अहवाल आपल्याकडे वळवून घेतला आणि सातवं पान पुन्हा वाचलं, जणू ते दुसऱ्याच कुणी लिहिलं होतं. 'संबंधित तंत्रज्ञाने किल्ली न काढता खोलीत प्रवेश केला.'

शेजारच्या खुर्चीत सूनबाई बसली होती. ती इथेच कंट्रोल रूममध्ये कूलिंगच्या पॅनेलवर काम करायची. नवऱ्याला जाऊन तेवीस दिवस झाले होते आणि तेवीस दिवसांत तिला धड रडू आलं नव्हतं, भूक लागली नव्हती, कुणाचा राग आला नव्हता. लोक म्हणत, बाई मोठी खंबीर. खंबीर कसली, बधिर झाली होती. टेबलावरचा चहा तिनं कधी संपवला तेही तिला कळलं नव्हतं.

"आई, आधी आमचा नियम ऐकून घ्या," प्रमुख म्हणाले. माणूस वाईट नव्हता. अवघड बोलायचं असलं की त्यांना चष्मा पुसायची सवय होती आणि आज तो तिसऱ्यांदा पुसून झाला होता. "इथे आम्ही कणांची टक्कर घडवतो. त्यांचा माग काढणारी अठ्ठेचाळीस मॉड्यूल आहेत. ती चालू असली की तापतात, म्हणून नळ्यांतून थंडगार कार्बन डायऑक्साइड फिरवावा लागतो. पण तोच बंद खोलीत गळला तर माणूस गुदमरतो. म्हणून दुरुस्तीला खाली जाणाऱ्यानं व्हॉल्व्ह बंद करायचा, कंट्रोल रूममधल्या बोर्डवरची किल्ली काढायची आणि ती खिशात घालूनच खाली उतरायचं. बोर्डात किल्ली नसली की व्हॉल्व्ह उघडतच नाही. कुणी कितीही आपटा."

"आणि माझ्या मुलानं ती काढली नाही."

"व्हॉल्व्ह त्यानं बंद केला होता. किल्ली मात्र त्याच्या खिशात नव्हती. बोर्डातच होती."

"साहेब, तो दाराला कुलूप लावून तीनदा ओढून बघायचा. गॅस बंद केलाय ना, हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत यायचा. स्वतःच्या लग्नाला उशिरा पोचला तो त्यापायीच! खिशातून पडेल म्हणून चष्मासुद्धा हिच्या पर्समध्ये ठेवायचा. असा माणूस किल्ली विसरेल?"

नळ्यांची कामं करणाऱ्या त्यांच्या मुलाची सगळे थट्टा करायचे. बाकीचे कणांच्या मागे आणि हा गळतीच्या, असं म्हणायचे. त्यालाही ते आवडायचं. घरचा नळ मात्र वर्षभर ठिबकत होता.

"तुमच्या सुनेचंही बघा ना," प्रमुख म्हणाले. "सगळे वर बैठकीला, ही एकटी पॅनेलवर. धोक्याची घंटा झाली. मॉड्यूल तापत होती, आणखी पाच मिनिटं गेली असती तर दहा वर्षांचं काम जळून गेलं असतं. घंटा झाली की काय करायचं हे तिच्या हातांना झोपेतही ठाऊक आहे. हिनं व्हॉल्व्ह उघडला. अठ्ठेचाळीसही शाबूत. खाली तो सांधा सोडवून बसलाय, हे तिला बिचारीला काय माहीत!"

सासूबाईंनी सुनेच्या गुडघ्यावर हात ठेवला. "हिला मी एका शब्दानं बोलले नाही. कुणाला बोलूही दिलं नाही."

हेही खरं होतं. नणंद काहीतरी पुटपुटली तेव्हा म्हातारीनं तिला सगळ्यांदेखत गप्प केलं होतं.

"त्याला किल्ली काढताना कुणी पाहिलं असेल तर आत्ता सांगा," प्रमुख म्हणाले. "मी हे वाक्य तुमच्यासमोर खोडतो. एक साक्ष पुरे."

ते सुनेकडे बघत होते. सासूबाईही बघत होत्या.

"माझं लक्ष पॅनेलकडे होतं," सूनबाई म्हणाली.

तिनं पेन उचललं आणि दाखवलेल्या जागी सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं. प्रमुखांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

फाटकाजवळच्या बाकावर सासूबाई मटकन बसल्या. समोरून दोन वैज्ञानिक मुली गेल्या, सूनबाईकडे बघून अदबीनं मान लववून. तिनंही मान हलवली.

"पाहिलं म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?" सासूबाईंचा आवाज चिरकला. "खोटं तर खोटं. मी बोलले असते. जन्मभर सांभाळून वागला आणि कागदावर निष्काळजी म्हणून राहिला. त्यावर सही कुणाची, तर बायकोची!"

सूनबाई उभीच होती.

"मला तुझा राग नाही गं," म्हातारी पदरानं डोळे पुसत म्हणाली. "व्हॉल्व्ह तू उघडलास, पण तुला कुठे ठाऊक होतं? तो तुझा दोष नाही, हे मी मरेपर्यंत सांगेन. बस इथे. तुझ्याशिवाय मला आता आहे तरी कोण?"

तिनं सुनेचा हात धरून तिला शेजारी बसवलं आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. सूनबाईला त्याची ऊब कळत होती, पण कुणा दुसऱ्याचा हात धरल्यासारखी.

"आई."

"बोल."

"किल्ली ह्यांनी काढली होती. खाली जाताना माझ्या हातात देऊन गेले."