एरंडीचं वंगण

नत्थुजीनं बंडीची आस टेकूवर चढवली, खीळ उपटली आणि डावं चाक ओढून अंगणातल्या निंबाला उभं केलं. आसेवरचं जुनं वंगण वाळून खपलीसारखं झालं होतं. ते तो विळ्यानं खरवडू लागला. शालूला आज सासरी, अकोल्याला जायचं होतं. चांदूर रेल्वेपर्यंत बंडी, पुढं आगगाडी. बाळंतपणाला आलेली लेक आता लेकरू घेऊन निघणार होती.

तिला न्यायला आलेला जावई केशवराव घरातून एक डबा घेऊन बाहेर आला.

"मामाजी, वंगण कालवू नका. हे पाहा, काय आनलं तुमच्यासाठी."

केशवराव अकोल्याला कापसाच्या जिनात फिटर होता. लढाई सुरू झाल्यापासून असा डबा बाजारात दिसत नव्हता. त्यानं तो कोणाची मिनतवारी करून मिळवला असेल, देव जाणे. झाकण उघडलं. आत पिवळंधमक, लोण्यासारखं मऊ ग्रीस.

"लोखंडावर लोखंड फिरते तिथं याच्यासारखं दुसरं नाई. एक डाव लावलं का पोळ्यापर्यंत पाहाले नोको."

"चीज चांगली दिसते," नत्थुजी मनापासून म्हणाला. जावयानं आपल्या बंडीची आठवण ठेवली याचं त्याला अप्रूप वाटलं. त्यानं बोट बुडवून नाकाशी नेलं. "कायचं करतात हे?"

"जमिनीतून तेल निघते, त्याचं. अन् काहीत चरबी बी असते म्हणतात."

"कायची चरबी?"

"ढोराची," केशवराव सहज बोलून गेला.

नत्थुजीचं बोट तसंच हवेत राहिलं.

निंबाखाली दोन्ही बैल कडबा खात होते. उजवीकडचा जुना, डावीकडचा औंदा घेतलेला. त्याच्या जागी आधी पवळ्या होता. शालू रांगायची तेव्हा पवळ्या वासरू होता. ती त्याच्या पोटाखालून इकडून तिकडं जायची आणि तो पाय हलवत नसे. लग्न झाल्यावर तिला ठेसनावर त्यानंच नेलं होतं. इंजिनाची शिट्टी झाली तशी साऱ्यांचे बैल बुजले. पवळ्या मात्र मान वळवून गाडीकडं पाहत उभा राहिला.

मग त्याचे गुडघे गेले. वखर ओढवेना. घरात कडबा दोन बैलांपुरताच होता, आणि नत्थुजीनं त्याला बाजारात नेलं. घेणारा म्हणाला, तेलाच्या घाण्याला जुंपीन, सावलीतलं काम आहे. नत्थुजीनं रिवाजाप्रमाणं दावं सोडून घेतलं आणि घरची वाट धरली. त्या माणसाच्या अंगाला तेलाचा वास नव्हता, हे त्याला अर्ध्या वाटेत आठवलं. तो धावत परत गेला. बाजार उठला होता.

त्यानं बोट मातीत पुसलं. पुन्हा पुसलं.

"काय झालं, मामाजी?"

"काई नाई. लावू ना. एवढ्या दुरून आनलं तुमी." पण हात काही डब्याकडं जाईना.

नत्थुजीची बायको दुर्गाबाई ओट्यावर लेकीचं गाठोडं बांधत होती. तिनं सारं ऐकलं होतं. वंगण एरंडीच्या तेलात राख कालवून होई, पण घरात त्या तेलाची एकच शिशी उरली होती. नातवाच्या टाळूसाठी तिनं स्वतः बिया भाजून, कुटून, कढवून ते काढलं होतं आणि आताच गाठोड्यात घातलं होतं. तिनं शालूकडं पाहिलं. शालूनं गाठोड्याची गाठ सोडली, शिशी काढली आणि बापापुढं आणून ठेवली.

"टाळूले तिळाचं चालते, बाबा."

"नोको पोरी. लेकराचं हाये ते."

"लेकरू त्याच बंडीत बसून जाईन ना?"

केशवराव एकदा सासऱ्याकडं, एकदा बैलांकडं पाहत होता. पवळ्याचं नाव शालूच्या तोंडून त्यानं किती वेळा ऐकलं होतं. त्यानं डब्याचं झाकण दाबून बसवलं.

"हे जिनातच कामी पडंल," तो म्हणाला आणि बाह्या सारून उकिडवा बसला. "गव्हाचं काड किती जाळू, मामाजी?"

"ओंजळभर. काळी राख पायजे. पांढरी होऊ देजा नोको."

खापरात राख पडली, वरून तेलाची धार. केशवराव बोटांनी कालवू लागला. कालवता कालवता त्याचा हात हळू झाला.

"लय दिसानं आला हा वास," तो म्हणाला. "आमचा आजा असाच कालवे. मी त्याच्या पाठीवर लोंबकळत राहो."

"मंग तुमाले येते की," नत्थुजी म्हणाला, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसला.

दुपारच्या गाडीनं तिघं गेली. गाडी दिसेनाशी झाल्यावर नत्थुजीनं बैल जुंपले, पण तो बंडीत चढला नाही. कासरा हातात धरून डाव्या बैलाच्या बाजूनं पायी चालू लागला. गावाजवळ शेजारचा खुशालराव समोरून आला.

"काहून नत्थुजी, बंडी सुनी अन् तू पायी?"

"असाच."

खुशालरावानं नव्या बैलाच्या पाठीवर थाप मारली. "बैल चांगला हाये गड्या. नाव काय याचं?"

नत्थुजी थांबला. बैलही थांबला.

"आजवर त्याले हाकच नाई मारली म्या," तो म्हणाला.