खिडकीवाली

"आमचे हे मला घरातून जा म्हणतात हो," मावशी म्हणाल्या आणि तोंडातली कवळी काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

दातांच्या डॉक्टरांना आधी काही कळेचना. महिन्यापूर्वी त्यांनीच मावशींचे हलणारे दात काढून त्याच दिवशी ही कवळी बसवली होती. सगळे दात कसे एका रांगेत! केवढ्या हौसेने आरसा समोर धरला होता त्यांनी.

"त्यांना विसरायचा आजार आहे. पोटच्या मुलांना ओळखत नाहीत. मला तेवढं ओळखायचे. समोरच्या दोन दातांत माझ्या फट होती ना? मी हसले की म्हणायचे, आली माझी खिडकीवाली." मावशींना हुंदका आवरेना. "आता म्हणतात, बाई, तुम्ही निघा. माझी बायको येईल इतक्यात."

डॉक्टरांनी त्यांचा फॉर्म शोधून काढला. 'ठेवण कशी हवी' या रकान्यात डॉक्टरांच्याच अक्षरात एक शब्द होता: छान. कसे करू, असं त्यांनी विचारलं होतं. चांगले करा, असं त्या म्हणाल्या होत्या. झालं! फट म्हणजे व्यंग, असं परस्पर ठरवून त्यांनी ती बुजवली होती आणि वर स्वतःचीच पाठ थोपटून घेतली होती.

"फट नक्की केवढी होती, मावशी?"

"काडेपेटीची काडी जाईल एवढी."

डॉक्टरांनी काडी मागवली, मोजली. मावशींचा जुना फोटो भिंगाखाली धरला. डावा दात किंचित पुढे. उजव्याचा कोपरा झिजलेला. या वेळी मजकूर रकान्यात मावेना, तो समासात गेला.

दोन आठवड्यांनी नवी कवळी घेऊन डॉक्टर स्वतः मावशींच्या घरी गेले. मन स्वस्थ बसू देत नव्हतं. म्हातारे दाराकडे तोंड करून खुर्चीत बसले होते. रोज असेच बसतात, मावशी हळूच म्हणाल्या. आत जाऊन त्यांनी कवळी बसवली, केस सारखे केले आणि नवऱ्यासमोर येऊन हसल्या.

म्हातारे बघतच राहिले. त्यांचे ओठ थरथरले, डोळे भरून आले. डॉक्टरांच्या जिवात जीव आला.

"बाई," म्हातारे म्हणाले, "अगदी अशीच हसायची हो माझी बायको."